गल्ल्याखालची ठेव

मालेगावच्या डझनभर तरुणांना २०२४ च्या पावसाळ्याअखेर नोकरीची आशा दाखवण्यात आली. बाजार समितीत काम मिळेल, पगारासाठी बँकेत खाते लागेल, तेव्हा आधार आणि पॅन द्या, इथे सह्या करा. मागणारा गावातलाच व्यावसायिक होता, त्यामुळे संशय यायचे कारण नव्हते. पोरांनी कागद दिले. नाशिक मर्चंट्स को-ऑपरेटिव्ह बँकेच्या मालेगाव शाखेत त्यांच्या नावाने खाती उघडली गेली आणि सिमकार्डेही त्यांच्याच नावाने निघाली. खाती पोरांची, पण व्यवहार दुसऱ्याच्या हाती. काही आठवड्यांत त्या खात्यांतून शंभर कोटी रुपयांहून अधिक रक्कम फिरली. नोव्हेंबरमध्ये छावणी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, पाठोपाठ ईडीने छापे घातले आणि शाखेतल्या एका अधिकाऱ्यालाही अटक झाली. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. पण महिन्याला दहा-बारा हजारांच्या नोकरीची वाट पाहणाऱ्या पोरांच्या दारात कोट्यवधींच्या व्यवहाराचा जाब विचारायला यंत्रणा उभ्या राहिल्या, एवढे मात्र घडून गेले आहे.

ओळखचोरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ओटीपी मागणारा फोन येतो. मालेगावात तसा फोन आला नाही, कोणाचा संगणक फोडावा लागला नाही. विश्वासाने दिलेले कागद आणि ते तपासायला न थांबलेली यंत्रणा, एवढ्यावर काम भागले. म्हणून हे प्रकरण मी व्यापाऱ्यासाठी लिहितो आहे. ग्राहकाने काय जपावे हे रोज सांगितले जाते. त्याचे कागद ज्याच्या गल्ल्याखाली पडून असतात, त्याला कोणी काही सांगत नाही.

संगमनेरसारख्या गावात असे गल्ले किती असतील? प्रवरेच्या काठची ही पेठ पुणे-नाशिक रस्त्यावर असल्याने पूर्वीपासून उलाढालीची. त्यात सहकाराचा पसारा मोठा: साखर कारखाना, दूध संघ, सहकारी बँका आणि चौकाचौकांत पतसंस्था. आश्वी, साकूर, निमोण, धांदरफळ, तळेगाव दिघे इथली माणसे कामाला गावात येतात तेव्हा पिशवीत प्लास्टिकच्या पाकिटात घातलेले आधार, पॅन, पासबुक आणि सातबारा असतोच. सिमकार्ड घ्यायचे तर आधार, लॉजवर उतरायचे तर आधार, हप्त्याने फ्रीज घ्यायचा तर आधार, पॅन, धनादेश आणि फोटो. दागिने गहाण ठेवायचे, मुलाचा क्लास लावायचा, दवाखान्यात योजनेतून उपचार घ्यायचे, प्रत्येक ठिकाणी एक झेरॉक्स मागे राहते. संध्याकाळी घरी परतलेल्या माणसाची ओळख गावात चार-पाच ठिकाणी मुक्कामाला राहिलेली असते.

दुधाचे उदाहरण पाहू. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान सुरू केले. पैसे थेट उत्पादकाच्या खात्यात जायचे, म्हणून प्रत्येक शेतकऱ्याचा आधार क्रमांक, आधारला जोडलेले बँक खाते आणि जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक भरणे आले. ही माहिती गावोगावच्या संकलन केंद्रांतून गोळा झाली. केंद्र म्हणजे बहुतेक ठिकाणी एक खोली, वजनकाटा, फॅट मोजायचे यंत्र आणि एक संगणक. सकाळी सहा वाजता कॅन घेऊन रांग लागते, सचिव एका हाताने नोंद करतो आणि दुसऱ्या हाताने व्हॉट्सअपवर आलेले आधारचे फोटो उघडतो. तयार झालेली एक्सेल फाइल पुढे जनावरांच्या डॉक्टरला, संघाच्या माणसाला, कधी टायपिंग येणाऱ्या पुतण्याला जाते. सगळ्यांचा हेतू स्वच्छ आहे, अनुदान वेळेत मिळावे हाच. पण अनुदानाचे काम संपल्यावर ती फाइल किती मोबाइलमध्ये राहिली, हे सचिवालाही सांगता येणार नाही. तिच्यात अख्ख्या गावाची नावे, आधार, खाती आणि मोबाइल नंबर एका ओळीत आहेत.

संगमनेरकराला ठेव म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पतसंस्थेत ठेवलेला पैसा संस्थेचा नसतो, तो सांभाळायला दिलेला असतो आणि मागितला की हिशोबासकट परत करायचा असतो. ग्राहकाचा कागद ही अगदी तशीच ठेव आहे, असे मला मनापासून वाटते. फरक इतकाच की पैशाची ठेव बुडाली तर पासबुकात दिसते. ओळखीची ठेव बुडाली तर दोन वर्षांनी, मुलीच्या लग्नासाठी कर्ज मागायला गेल्यावर कळते, की आपल्या नावावर आधीच तीन कर्जे थकीत आहेत.

या ठेवीची सर्वांत जास्त हेळसांड झेरॉक्सच्या दुकानात होते. सेतू, महा-ई-सेवा केंद्र, ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन सगळे एकाच छपराखाली. ग्राहक पीडीएफ दुकानाच्या व्हॉट्सअपवर पाठवतो, दुकानदार ती संगणकावर उतरवतो, प्रिंट काढतो, वीस रुपये घेतो आणि पुढच्याकडे वळतो. फाइल डाउनलोड्समध्ये राहते, व्हॉट्सअप वेब दिवसभर उघडे असते आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला दुसरा संगणक त्याच नेटवर्कवर असतो. बिघडलेल्या प्रती खोक्यात जातात, खोके रद्दीत जाते, रद्दी किलोवर विकली जाते. भेळेच्या पुड्यावर कोणाचा तरी शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासबुकाचे पहिले पान पाहिलेले नाही, असा माणूस आपल्याकडे विरळा.

अशा कागदांतून काय उभे राहू शकते, याचा नमुना तेलंगणात २०१८ मध्ये दिसला. पेद्दपल्ली जिल्ह्यातल्या एका सिमकार्ड विक्रेत्याने जमीन नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून खरेदीखते उतरवून घेतली. खतावर आधार क्रमांक होता आणि अंगठ्याचा ठसाही. त्याने ठशांचे रबरी साचे केले आणि ते यंत्रावर टेकवून हजारो सिमकार्डे सुरू केली. पोलिसांच्या तपासात आलेले कारण वाचून मी थबकलो होतो: कंपनीने दिलेले विक्रीचे टार्गेट त्याला गाठायचे होते. मोठ्या लुटीचा बेत नव्हता, महिनाअखेरचा आकडा होता. टार्गेटच्या दबावाखाली असलेला विक्रेता आणि हाताशी असलेले कागद ही जोडी प्रत्येक बाजारपेठेत आहे. आपल्या बाजारपेठेतही आहे.

महाराष्ट्रातली गोष्ट त्याहून साधी. लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले जात होते तेव्हा खारघरच्या एका महिलेचा अर्ज पोर्टल स्वीकारेना, कारण तिचा आधार क्रमांक आधीच वापरला गेला होता. शोध घेतल्यावर धागा साताऱ्याच्या खटाव तालुक्यातल्या निमसोडला पोहोचला. एका जोडप्याने वेगवेगळ्या महिलांचे आधार क्रमांक आणि पत्नीचेच निरनिराळ्या वेशातले फोटो वापरून सुमारे तीस अर्ज भरल्याचा गुन्हा सप्टेंबर २०२४ मध्ये नोंदला गेला. त्या महिलेने स्वतः अर्ज केलाच नसता, तर आपले नाव दुसरीकडे चालते आहे हे तिला कधीच कळले नसते.

मग व्यापाऱ्याने करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे, गरज नसलेला कागद घ्यायचाच नाही. सराफाला दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन घ्यावा लागतो, तो कायदा आहे. पण पाच हजारांच्या पैंजणांसाठी आधारची झेरॉक्स घेऊन ठेवण्यात सराफाचा काही लाभ नाही, जोखीम मात्र आहे. खासगी कंपन्यांनी आधारची सक्ती करण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बंद केली. पुढच्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन ग्राहकाने स्वखुशीने आधार देण्याची सोय राहिली. म्हणजे क्लासवाल्याने, जिमवाल्याने किंवा भाड्याने सायकल देणाऱ्याने ‘आधारशिवाय चालणार नाही’ असे म्हणायला आधार नाही. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र पाहून काम भागत असेल तर पाहावे आणि परत द्यावे. नोंदवहीत ‘ओळखपत्र पाहिले’ असे लिहून तारीख टाकली तरी पुष्कळदा पुरते.

आधारच लागत असेल तर मास्क केलेली प्रत मागावी. तिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि ती कोणालाही आधारच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येते. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने लोकांना आधारची झेरॉक्स सर्रास देऊ नका, मास्क केलेली द्या, असे सांगितले. त्यावर गहजब झाला आणि दोन दिवसांत सूचना मागे घेण्यात आली. माझ्या मते ती सूचना मागे घ्यायला नको होती, तिची भाषा सुधारून ती प्रत्येक दुकानात लावायला हवी होती. आणखी एक गैरसमज मोडला पाहिजे. झेरॉक्स घेणे म्हणजे ओळख पटवणे नव्हे. आधारवरचा क्यूआर प्राधिकरणाच्या ॲपने स्कॅन केला तर कार्ड खरे की फोटो बदललेले, हे तिथल्या तिथे कळते. फाइलला लावलेल्या काळ्याकरड्या झेरॉक्समधून काहीच कळत नाही. चोराला मात्र तेवढी पुरते.

जे घ्यावेच लागते, त्यावर आडवे लिहून घ्यावे: ‘फक्त अमुक दुकानातील फ्रीजच्या हप्त्यासाठी’, तारीख आणि ग्राहकाची सही. अक्षरे फोटोवरून आणि क्रमांकावरून गेली पाहिजेत, कोपऱ्यात लिहिलेले कापून टाकता येते. फायली कुलपात, किल्ली एकाकडे. संगणकावरच्या फाइली काम संपल्यावर पुसायच्या आणि रिसायकल बिनही रिकामी करायची. कागद फाडायचे यंत्र चार-पाच हजारांत येते, नाहीतर आठवड्यातून एकदा डब्यात जाळावेत. रद्दीवाल्याला मात्र द्यायचे नाहीत.

आपल्याच नोकरांचा विषय नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. एप्रिल २००५ मध्ये पुण्यातल्या एमफॅसिस या बीपीओतल्या कर्मचाऱ्यांनी सिटी बँकेच्या चार अमेरिकन ग्राहकांचे पिन बोलण्याबोलण्यात मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या बनावट खात्यांत वळवले. त्या केंद्रात तपासणी कडक होती, आत-बाहेर काही लिहून नेता येत नसे. मुलांनी आकडे पाठ केले आणि बाहेर पडून सायबर कॅफे गाठला. भारतातल्या बीपीओ उद्योगाला हादरा देणारे हे प्रकरण दाखवते, की ज्याला माहिती दिसते त्याला ती नेता येते, मग झडती कितीही घ्या. तेव्हा उपाय झडतीचा नाही, कमी दाखवण्याचा आहे. पतसंस्थेच्या पिग्मी एजंटला खातेदाराचे नाव आणि जमा रक्कम पुरते, त्याला पॅन कशाला दिसावा? काउंटरवरच्या चौघांचा पासवर्ड एकच आणि तोही पडद्याला चिकटवलेला असेल, तर उद्या काही घडल्यावर प्रामाणिक तिघांनाही स्वतःची बाजू मांडता येणार नाही. वेगळे पासवर्ड हे मालकाइतकेच नोकराचेही संरक्षण आहे. आणि नोकरी सोडून गेलेल्याचे लॉगिन त्याच संध्याकाळी बंद झाले पाहिजे.

आता दुसरी बाजू. चोराला ग्राहकाइतकीच व्यापाऱ्याची स्वतःची ओळखही हवी असते. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत माहीमच्या एका कापड व्यापाऱ्याला रात्री उशिरा सहा मिस्ड कॉल आले. सकाळी पाहिले तर सिम बंद. चौकशी केल्यावर कळले, की त्याच्याच नावाने विनंती करून नवे सिम सुरू झाले होते, आणि रात्रीतून कंपनीच्या खात्यातून २८ व्यवहारांत एक कोटी ८६ लाख रुपये गेले होते. फोनला रेंज नाही म्हणून आपण निवांत राहतो. धंद्याच्या खात्याला जोडलेल्या नंबरची रेंज कारण नसताना गेली, तर दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला आणि मग मोबाइल कंपनीला गाठायचे. बँकेला जोडलेला नंबर दुकानाच्या पाटीवर आणि बिलावर छापायचाच नाही, गिऱ्हाइकांसाठी वेगळा ठेवायचा. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम चालतात. त्या यादीत अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येते.

पुण्याच्या पूना ऑटो अॅन्सिलरीज या कंपनीचे प्रकरण तर प्रत्येक उद्योजकाने माहीत करून घ्यावे असे आहे. बँकेच्या नावाने आलेल्या बनावट ईमेलला उत्तर दिले गेले आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. तक्रार माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे गेली, कारण न्यायनिर्णय अधिकाऱ्याचे अधिकार त्यांच्याकडे असतात. २०१३ मध्ये निकाल लागला: ईमेलला उत्तर दिले म्हणून काही भार तक्रारदारावर, पण बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत. बँकेची चूक काय ठरली? पैसे ज्या खात्यांत वळले, ती फसवणुकीसाठी उघडलेली खाती नीट न तपासता उघडली गेली होती. मालेगावचे प्रकरण आणि हे प्रकरण शेजारी ठेवून पाहा. चोरलेल्या किंवा फसवून घेतलेल्या ओळखीवर कोणीतरी खाते उघडून दिल्याशिवाय चोरीचा पैसा उतरायला जागाच मिळत नाही. खाते उघडणारा कारकून फॉर्म भरताना ‘हे खाते तुम्हाला कशासाठी हवे, मोबाइल कोणाजवळ असतो’ एवढे दोन प्रश्न खातेदाराच्या तोंडावर विचारील, तरी बराच मोठा दरवाजा बंद होईल.

क्यूआरचेही असेच. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत रात्रीतून दुकानांच्या आणि पेट्रोल पंपाच्या क्यूआरवर दुसरेच क्यूआर चिकटवले गेले होते. गिऱ्हाइकाने पैसे दिले, ते पोहोचले भलत्याच खात्यात. दुकान उघडल्यावर स्वतःच्या फोनवरून एक रुपया पाठवून कोणाचे नाव येते ते पाहावे, आणि गर्दीत साउंड बॉक्स बोलला नाही तर गिऱ्हाइकाला थांबवून विचारायला संकोचू नये.

एवढे करूनही घडलेच तर वेळ सर्वांत महत्त्वाची. १९३० हा क्रमांक लावायचा, नाहीतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरायची. पैसा ज्या बँकेत पोहोचला तिथे तो रोखण्याचा निरोप याच यंत्रणेतून जातो, आणि तासाभरात पैसा तीन-चार खाती ओलांडतो. जिल्ह्याचे सायबर पोलीस ठाणे अहिल्यानगरला, म्हणून ‘उद्या जाऊन येऊ’ असे म्हणत बसू नये. आधी फोन, मग शहर पोलीस ठाणे. तिसऱ्याच कोणाच्या चुकीने पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. संगमनेरसारख्या गावात हा फरक सभासदांना सांगितला गेला पाहिजे, आणि तो संस्थेनेच सांगावा. दुसऱ्याची ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी कलमाखाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीत हे कलम आवर्जून लिहायला सांगावे.

कित्येकदा व्यापाऱ्याचा काहीच दोष नसताना खाते गोठते. चोराने चोरीच्या पैशातून त्याच्याकडून मोबाइल घेतलेला असतो. अशा वेळी त्या विक्रीचे बिल, आयएमईआय क्रमांक आणि कॅमेऱ्यातले चित्रण हाच पुरावा. त्यासाठी मोठ्या रकमेच्या ऑनलाइन विक्रीला पक्के बिल हवेच, गिऱ्हाईक नको म्हणाले तरी.

आणि आपल्याकडून ग्राहकांची माहिती बाहेर गेली असेल, फाइल चोरीला गेली, संगणक हॅक झाला, नोकराने यादी विकली, तर लपवू नये. नव्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, म्हणजे २०२३ च्या कायद्यात, ज्याची माहिती गेली त्या प्रत्येकाला कळवणे बंधनकारक केले आहे. माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. तोवर थांबायचे कारण नाही. निरोप सरळ असावा: काय गेले, कधी गेले, आता काय करा. लोकांना आधारचे बायोमेट्रिक लॉक करायला सांगावे, म्हणजे अंगठ्याने कोणी पैसे काढू शकणार नाही. ज्यांना मोबाइलवर ते जमत नाही, त्या आजी-आजोबांना दुकानात बसवून करून द्यावे. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देते, तो काढायला सांगावा. त्यात आपण न घेतलेले कर्ज दिसले तर कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी. ती तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मागता येते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे, आणि ती भरपाई मागण्याचा अर्ज लिहून देण्याचे काम झेरॉक्सच्या दुकानातच होणार आहे.